पोर्चखाली मी जे बोलले

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर भांडण नको. या पेजवरचे अनुभव मी जेवताना वाचते, टाइमपास म्हणून. कुणाला जिन्यात बाई दिसते, कुणाच्या घरात नळ आपोआप सुरू होतो... मी हसते आणि ताट उचलते. मी उपास करत नाही, नवस बोलत नाही, आणि माझ्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी कापलं जातं. जे घडलं त्यानंतरही माझं मत तसूभर बदललेलं नाही. तरीही लिहायला बसले आहे, कारण त्या दिवसाची जी गोष्ट आमच्या सोसायटीत सांगितली जाते ती मला मान्य नाही, आणि माझी बाजू ऐकून घ्यायला तिथे आता कोणीच तयार नाही. ज्यांना कमेंटमध्ये हात जोडायचे आहेत त्यांनी खुशाल जोडा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

मी चारकोपला राहते. चार मजली बिल्डिंग, ए आणि बी अशा दोन विंग, मधे अंगण, आणि अंगणभर गाड्या. माझं माहेर मुलुंडचं, वडील ऑफिसात, घरात सगळं पुस्तकातल्यासारखं मराठी. सासर मालवणकडचं. सासरे गिरणीत होते, ते आता नाहीत. त्यांनी इथे जागा घेतली तेव्हा गावचे अनेकजण मागोमाग आले, त्यामुळे अर्धी सोसायटी मालवणी आहे. आमच्या समोरच्या शहाभाभी म्हणतात, "मी तर कोकणमध्येच राहते, फक्त समुद्र नाय." मला मालवणी कळते, पण बोलता येत नाही. नवी नवरी असताना एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा सासूबाई पोट धरून हसल्या होत्या. त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही. हे लक्षात ठेवा.

मालाडला एका चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे डोळे तपासते. समोरची अक्षरं वाचताना माणसं अंदाजपंचे ठोकून देतात, कारण चुकलेलं कुणालाच आवडत नाही. मी दिवसभर एकच सांगत असते, "दिसतंय तेवढंच सांगा, अंदाज करू नका." हे बोलून बोलून माझ्या अंगातच भिनलंय. जे दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही.

आता पूजेबद्दल. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. अंगणात ऊन आणि गाड्या, म्हणून ती ए विंगच्या पोर्चखाली मांडतात. पोर्च म्हणजे दारावर पुढे आलेला, खांबांवरचा मोठा स्लॅब, एरवी त्याच्याखाली स्कूटर उभ्या असतात. आरती झाली की आमचे चेअरमन तात्या गाऱ्हाणं घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... कोकणात देवाला नुसता नमस्कार करून भागत नाही, त्याला खणखणीत आवाजात सगळं सांगावं लागतं. सगळ्यांच्या वतीने एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. देव नसला तरी पन्नास-साठ माणसं एकदम होकार देतात तेव्हा छातीत धडधडतं.

मला आवडत नाही ते अंगात येणं. पूर्वी आमच्याकडे एक काकू राहायच्या, आता त्या विरारला गेल्या. पूजेला त्यांच्या अंगात यायचं. एकदा त्या अवस्थेत त्यांनी सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी नर्स बिल्डिंगला अशुभ आहे. झालं! शिकलेसवरलेले लोक माना हलवायला लागले. मी उभी राहिले आणि म्हटलं, काकू, तुमचं त्या मुलीशी पार्किंगवरून भांडण झालंय, देवाला मधे आणू नका. केवढा तमाशा झाला! सासूबाई माझ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पण ती नर्स अजून तिसऱ्या मजल्यावर आहे. माझी सोसायटीतली ख्याती ही अशी आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला सकाळी मी दूध घेऊन येत होते. पोर्चखाली चौरंग मांडला होता, केळीचे खांब बांधायचं चाललं होतं. मी पायरीजवळ आले आणि पाय थांबले. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलीय हे कळत नाही आणि पाऊल पोकळीत पडतं, तेव्हा पोटात जे होतं ना, अगदी तसं झालं. फक्त ते एका क्षणात गेलं नाही, तसंच राहिलं. मी मागे सरकले की बरं वाटायचं, पुढे गेले की पुन्हा तेच. मला वाटलं बीपी असेल. मागच्या दाराने वर गेले, चहा प्यायले, खाली आले. पुन्हा तेच! या पोर्चखाली आज माणसं बसता कामा नयेत, एवढं एकच वाक्य डोक्यात, आणि ते कुठून आलं याचा पत्ता नाही.

काही दिसलं का? नाही. तडा नाही, ओल नाही, पोपडा नाही. पावसाळ्याआधीच त्याची दुरुस्ती झाली होती, नवं प्लास्टर, नवा रंग. कमिटीत मीही आहे आणि काम बघून मीच "झकास" म्हटलं होतं. तरी मी बांबू घेऊन खालून सगळीकडे ठोकून पाहिलं. मंडपवाल्याला वाटलं मी तोरण सरळ करतेय. आवाज भक्कम येत होता.

मी महेशला गाठलं. महेश आमचा सेक्रेटरी, वयाने माझ्याहून लहान, बी विंगमध्ये राहतो. म्हटलं, "महेश, यंदा पूजा अंगणात घेऊया का?"

"आत्ता? वहिनी, सगळं मांडून झालंय. कारण काय पण?"

ऊन कोवळं आहे, बायकांना हवेशीर होईल, असं काहीही सांगता आलं असतं. पण तोंडातून खरं तेच निघालं. "कारण नाही. मला तिथे बरं वाटत नाहीये."

तो हसतच सुटला. "तुम्ही असं बोलायला लागलात तर वाट लागली ना सोसायटीची! जा, साडी बदलून या."

घरी येऊन नवऱ्याला, राजनला, सांगितलं. राजन थट्टेखोर आहे, पण माझा चेहरा बघून हसला नाही. खाली जाऊन स्वतः पोर्च बघून आला. म्हणाला, "काहीच नाहीये गं. पण तुला एवढं वाटतंय तर एक सोपा उपाय आहे. अंगात आणायचं. केस सोड, जरा घूम, 'उठा' म्हण. दोन मिनिटांत पोर्च रिकामा."

"वेडा आहेस का? मी? त्या काकूंना मी काय काय बोलले होते!"

"म्हणूनच तर! तुझ्या अंगात आलं म्हटल्यावर तात्या स्वतःची खुर्ची सोडून पळेल."

"खोटं बोलून लोकांना वाचवायचं?"

"मग काय, खरं बोलून मारायचं?"

आजही त्या वाक्याने मी रात्रीची कूस बदलते.

विचार करा. खाली सासूबाई पहिल्या रांगेत बसणार होत्या, गुडघ्यांमुळे त्यांना पटकन उठताही येत नाही. मागे बायका, मांडीवर पोरं. माझं पोट ओरडून सांगत होतं की यांना उठव. आणि मन सांगत होतं की ज्या नाटकाने एका मुलीला बेघर करायला निघाले होते ते तू करणार? आज चांगल्या कामासाठी करशील, उद्या दुसरा कोणी वाईट कामासाठी करेल, तेव्हा कुठल्या तोंडाने उभी राहशील? पण तेच मन असंही म्हणत होतं की गप्प बसलीस आणि काही झालं, तर? माणसं म्हणतात आतला आवाज ऐका. अहो, माझ्या आत दोन होते आणि दोघंही आपलंच खरं करत होते. पोटाला फक्त माणसं उठायला हवी होती, कशीही. मनाला ती खोटं न बोलता उठायला हवी होती.

शेवटी मी दोघांचं ऐकायचं ठरवलं. सगळ्यांसमोर जायचं, वाटतंय ते सांगायचं, पुरावा नाही हेही सांगायचं, आणि उठा म्हणून विनंती करायची. हसले तर हसू देत. आणि बाहेर उन्हात उभं राहून सांगायचं नाही. त्यांना जिथून उठवायचं तिथेच आपण उभं राहायचं.

आरती संपली. तात्यांनी हात जोडले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी जी काय सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

मी पोर्चखाली शिरले. तात्या आणि चौरंगाच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "तात्या, थांबा. सगळ्यांनी ऐका. मला सकाळपासून वाटतंय की या पोर्चखाली बसू नये. माझ्याकडे पुरावा नाही, मला काही दिसलेलं नाही. चूक असेन तर जन्मभर हसा. पण आत्ता माझ्यासाठी उठा आणि अंगणात चला. मी हात जोडते."

हेच शब्द. माझ्या आवाजात, थोडे थरथरत. मी आदल्या तासाभरात ते दहादा मनात घोकले होते, त्यामुळे मला ते पाठ आहेत.

आणि समोर बसलेली सगळी माणसं एकदम म्हणाली, "होय म्हाराजा!"

आणि उठली. कुरकुर नाही, प्रश्न नाही. तात्या मागे मागे चालत बाहेर गेले, माझ्याकडे पाठ न करता. पुरोहित पोथी तशीच टाकून निघाले. सासूबाईंना दोघींनी धरून नेलं, त्या रडत होत्या. मला काहीच उमगेना. तयारी होती ती हसण्याची, वादाची. राजनने माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

आम्ही अंगणात गाड्यांच्या मधे उभे होतो. थोड्या वेळाने कोणीतरी खाकरलं, एक पोर शिरा मागायला लागलं, आणि आता काय करायचं असं लोक एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात पोर्च आला खाली. वाकला नाही, आधी माती पडली नाही, सरळ आला. धुळीत काही क्षण ए विंगच दिसेना. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

सत्यनारायणाचा फोटो, बाळकृष्ण, कलश, चौरंग, सगळं त्याच्याखाली गेलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण देवाने वाचवलं म्हणणाऱ्यांना मी विचारते की मग तो स्वतः का नाही उठला? तेव्हा ते माझ्याचकडे दयेने बघतात.

धूळ खाली बसली तशी माणसं माझ्या पाया पडायला लागली. आधी तात्या. ज्यांच्या पाया मी पडते, ते! मी मागे सरले, म्हटलं, "अहो हे काय? मी फक्त सांगितलं, तुम्ही ऐकलंत."

"तू नाय सांगलंस, बाय," तात्या म्हणाले, "राखणदारान सांगल्यान. तुझ्या तोंडान." राखणदार म्हणजे गावाची राखण करणारी अदृश्य शक्ती, असं कोकणात मानतात.

सासूबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पुरुषाचो आवाज होतो गो. गावच्या देवळात घुमता तसो. 'उठा! हंय कोणीच रवा नको. मी सांगतंय!' माझ्या अंगार अजून काटो आसा, बघ."

मला वाटलं, घाबरलेली माणसं आहेत, एकाने काही म्हटलं की बाकीचे तेच धरतात. मग मी माझ्या पद्धतीने तपासायचं ठरवलं. पुढच्या काही दिवसांत एकेकाला वेगळं गाठून विचारलं, मी नक्की काय बोलले? दिसलं तेवढंच सांगा, ऐकलं तेवढंच सांगा. सगळ्यांचं तेच वाक्य. शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी शहाभाभींकडे गेले. म्हटलं, या बाईला मालवणीचा गंध नाही, इथे पितळ उघडं पडेल. त्यांनी चहा ओतता ओतता ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि मलाच विचारलं, "वैशालीबेन, ते 'हंय' मतलब काय? त्या दिवसापासून विचारायचं होतं."

'हंय' म्हणजे 'इथे', एवढं सांगून मी कप खाली ठेवला.

पण खरा राग मला राजनचा आला. त्या दिवशी संध्याकाळी घरात आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "काय अ‍ॅक्टिंग केलीस यार! आणि मालवणी कधी शिकलीस एवढी? आईसुद्धा फसली."

"मी अ‍ॅक्टिंग केली नाही. मी साधं मराठीत सांगितलं."

"वैशू, मला तरी खरं सांग. मी कोणाला बोलणार नाही."

इतकी वर्षं एका घरात काढलेल्या माणसाने मला हे म्हणावं! जे करायचं नाही म्हणून मी जीव मुठीत धरून त्या स्लॅबखाली उभी राहिले, तेच मी केलं असं तो कौतुकाने म्हणत होता. मी रडले. रागाने रडले, हे स्पष्ट करते.

मग मला आठवलं की महेश दरवर्षी गाऱ्हाण्याचं शूटिंग करतो. त्याला घरी बोलावलं. राजन, सासूबाई, महेश आणि मी, चौघांनी टीव्हीला जोडून ते पाहिलं. तात्यांचं गाऱ्हाणं. मी आत शिरते. आणि माझा आवाज, माझाच, मुलुंडचा, थरथरता. "माझ्याकडे पुरावा नाही, मला काही दिसलेलं नाही..." शेवटपर्यंत, शब्दन् शब्द. मी सोफ्यावरून उठलेच, म्हटलं, बघा! आणि त्याच क्षणी टीव्हीतून आलं, "होय म्हाराजा!"

महेशने मागे घेऊन पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तो म्हणाला, "वहिनी, शप्पथ, मोबाइल माझ्या हातात होता. मी तिथेच उभा होतो. हे असं नव्हतं." सासूबाई म्हणाल्या, राखणदाराचा आवाज मशीनमध्ये येतच नाही, यात काय नवल. राजनने माझी माफी मागितली. हल्ली तो माझ्याकडे मधूनच बघत राहतो, आणि ते मला थट्टेपेक्षा जास्त लागतं.

तर मंडळी, हे असं आहे. स्लॅब का पडला ते इंजिनिअरने सांगितलं, आतली सळई गंजली होती आणि नव्या प्लास्टरने ते झाकलं गेलं होतं. मला ते आधी कसं कळलं? माहीत नाही. त्यांनी काय ऐकलं? माहीत नाही. शहाभाभींच्या कानात मालवणी कोणी घातली? माहीत नाही. दुकानात बसून मी खूप डोकं खाजवलं, मानसशास्त्र वाचलं, एकाही गोष्टीत हे सगळं बसत नाही. ज्याला बसवता येईल त्याने बसवून दाखवावं, मी ऐकून घेईन. पण राखणदार म्हणून मोकळं होणार नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरी चार वाक्यं मी माझ्या तोंडाने बोलले, आणि समोरच्या एकाही माणसाला ती ऐकू आली नाहीत. सगळे वाचले याचा आनंद आहेच हो! पण हे दुःखही आहे, आणि ते मी लपवणार नाही.

आता लोक दारात नारळ घेऊन येतात. मुलीचं लग्न कधी, जॉब सोडू की नको. मी नारळ परत करते आणि दार लावते.

मागच्या महिन्यात मीटिंग झाली. बी विंगचा पोर्च त्याच कॉन्ट्रॅक्टरने केलाय. मी म्हटलं, तो तपासून घ्या, तोवर मागच्या दाराने जा-ये करा. तात्या पुढे वाकले. "तुका काय वाटता, बाय? तो काय म्हणता?"

सगळी मीटिंग माझ्याकडे बघत होती. एक "हो" म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोर्च पाडला असता. मी म्हटलं, "मला काहीच वाटत नाहीये. पोटात नाही, डोक्यात नाही. पण एक पडलाय आणि दुसरा त्याच हातचा आहे, म्हणून तपासा म्हणतेय."

तात्या मागे टेकले. महेश म्हणाला, मग घाई नाही, पुढच्या मीटिंगमध्ये बघू.

घरी आले, कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि बी विंगच्या पोर्चच्या खांबांना आडवी बांधली. रोज कोणीतरी ती सोडतं, रोज कामावर जाताना मी पुन्हा बांधते. लोक थांबून विचारतात, "कोणी सांगितलं बांधायला?"

"मी."

तरी ते लगेच जात नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात, अजून काही येतंय का म्हणून. काही येत नाही. मी गाठ घट्ट करते आणि त्यांना मागच्या दाराने जायला सांगते.